घडीची गाडी कुणाच्या खात्यात?

प्रश्न : माझं वय ६८. कोल्हापूरहून मुंबई आणि तिथून न्यू जर्सीला लेकीकडे जायचं आहे. खांदा दुखतो, त्यामुळे बॅग अडकवता येत नाही. चाकांची केबिन बॅग रिकामीच तीन किलो भरते, मग सात किलोंत सामान ते काय न्यायचं? म्हणून साधी कापडी बॅग आणि घडी होणारी छोटी ट्रॉली असा बेत केला आहे. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त न्या, विमानात चालते." खरंच चालते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदाराने सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. घडीची ट्रॉली म्हणजे चाकू-कात्री नव्हे. तिच्यावर बंदी नाही. अडचण येते ती हिशेबाची. केबिनमध्ये न्यायच्या सामानाबद्दल विमान कंपनी तीनच गोष्टी विचारते : नग किती, केवढे आणि किती वजनाचे. ट्रॉलीसाठी वेगळा रकाना बहुधा नसतोच. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी तिला कुठल्या ना कुठल्या खात्यात टाकणार, आणि ते खातं कोणतं यावर तुमचं उत्तर ठरतं.

खाती तीन. ट्रॉली बॅगेत मावली किंवा बॅगेला घट्ट बांधलेली असली, तर ती बॅगेचाच भाग. हातात वेगळी धरली, तर तो दुसरा नग. आणि वैद्यकीय गरजेचं साधन म्हणून ती नोंदवता आली, तर तिचा हिशेबच वेगळा; त्याबद्दल पुढच्या एका पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

आता भारतातलं माप पाहू. इकॉनॉमी वर्गाला एक केबिन बॅग, वजन ७ किलोपर्यंत. इंडिगो ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर सांगते, एअर इंडिया ५५ × ४० × २०. दोन्हींची बेरीज केलीत तर ११५ येते. आकार थोडा इकडेतिकडे, पण एकूण माप तेच. एका बॅगेखेरीज काय चालतं याची यादीही कंपन्यांच्या नियमांत असते : बायकांची पर्स, लॅपटॉप, ओव्हरकोट किंवा शाल, छत्री, काठी, वाचायची पुस्तकं, बाळाचं खाणं, कुबड्या किंवा घडीची व्हीलचेअर. या यादीत सामानाची ट्रॉली नाही. तेव्हा "एवढीशी तर आहे, वरून जाईल" हे धरून चालू नका.

तुमच्या बेतामागचं मूळ कारण वजन आहे, म्हणून त्याचीही बेरीज करून पाहा. चाकांची केबिन बॅग रिकामी अडीच ते तीन किलो. कापडी बॅग अर्धा-पाऊण किलो आणि हलकी अॅल्युमिनियमची ट्रॉली दीड-दोन किलो, म्हणजे दोन्ही मिळून दोन ते पावणेतीन किलो. वाचलं काय? फार तर किलोभर, नाही तर काहीच नाही. तेवढ्यासाठी एकाचे दोन नग झाले आणि लवचिक दोरीचे हूक सांभाळणं आलं ते निराळंच. त्याऐवजी मऊ कापडाची, दोन चाकांची हलकी बॅग शोधा. दोन किलोंच्या आतल्या बॅगा बाजारात मिळतात. कडक कवच आणि चार चाकं आली की वजन वाढतं.

तुमच्या प्रवासात आणखी एक मेख आहे. कोल्हापूरसारख्या विमानतळांवर एटीआर ७२ जातीची पंख्याची विमानं येतात. त्यांच्या डोक्यावरच्या कप्प्यांची खोली कमी असते. मोठ्या विमानात सहज बसणारी बॅग तिथे दार मिटू देत नाही, आणि मग ती खालच्या सामानात ठेवायला मागतात. अशी वेळ आलीच तर बॅग देण्याआधी औषधं, पासपोर्ट, दागिने आणि पॉवर बँक बाहेर काढून पर्समध्ये घ्या. एटीआरला बहुधा विमानं उभी राहतात त्या आवारातून चालत जाऊन पायऱ्या चढाव्या लागतात. पायरीवर चाकांचा उपयोग शून्य. उलट बॅग आणि ट्रॉली मिळून सगळं वजन उचलायची पाळी येते, तीही दुखऱ्या खांद्याने.

थोडक्यात, तुम्हाला ट्रॉलीपेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतील : हलकी चाकांची बॅग आणि व्हीलचेअरची मदत. ही मदत मोफत असते. तिकीट काढताना किंवा निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. ट्रॉली हवीच असेल तर चेक-इनच्या मोठ्या बॅगेत तळाला आडवी टाका आणि न्यू जर्सीला उतरल्यावर बाहेर काढा.

प्रश्न : ट्रॉलीवर बॅग चढवून इलॅस्टिकने करकचून बांधली, तर दोन्ही मिळून एकच नग होतो ना? मग भांडायचं कारण काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नग एक होतो, पण माप दोघांचं मिळून धरतात. गेटजवळ लोखंडी चौकट किंवा पत्र्याचा खोका ठेवलेला असतो. बॅग त्यात उभी सोडायची. खाली टेकली तर पास. तुमची बॅग ५० सेंटिमीटर उंच असली तरी खालून चाकांनी चार-पाच सेंटिमीटर वाढवले आणि मागून दांड्याच्या नळ्यांनी तीन-चार, तर ती चौकटीच्या ओठावरच अडकते. बॅगेच्या मापात चाकं, हॅन्डल आणि बाहेरचे खिसे हे सगळं धरतात. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा सर्वसाधारण मर्यादा म्हणून ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर सांगते, तीही चाकांसकट. पण आयाटाचा आकडा मार्गदर्शक आहे. गेटवर चालतो तो तुमच्या कंपनीचा.

घरच्या घरी करायची खात्रीची चाचणी : जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्याला कंपनीच्या मापाचं भोक पाडा आणि बांधलेली जोडी त्यातून सरकवून पाहा. टेपने मोजताना आपण नकळत फुगलेला खिसा दाबतो. पुठ्ठा दाबत नाही. आणि ट्रॉली घेण्याआधी एक गोष्ट नक्की पाहा. दांडा पूर्ण आत गेल्यावरही काही ट्रॉल्यांची लांबी ५५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. डब्यावर वजनाची क्षमता ठळक छापलेली असते, मिटवल्यानंतरचं माप मात्र शोधावं लागतं.

प्रश्न : परदेशात नियम सैल असतात असं ऐकतो. अमेरिकेत अंतर्गत विमानाने फिरताना ट्रॉली केबिनमध्ये नेता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अमेरिकेत थोडी सोय होते. डेल्टा, अमेरिकन, युनायटेड या कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ५६ × ३६ × २३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि तिथल्या अंतर्गत विमानांत केबिन बॅग सहसा काट्यावर चढवत नाहीत. शिवाय बॅगेबरोबर सीटखाली मावेल अशी एक छोटी वस्तू चालते. युनायटेडमध्ये तिचं माप ४३ × २५ × २२ सेंटिमीटर आहे. मिटल्यावर सपाट पाटीसारखी होणारी ट्रॉली या मापात बसली, तर ती तुमची छोटी वस्तू ठरू शकते. मात्र मग पाठीवरची सॅक वेगळी धरता येणार नाही. खातं एकच, त्यात काय भरायचं ते तुम्ही ठरवा. युनायटेडच्या सर्वांत स्वस्त तिकिटावर देशांतर्गत प्रवासात मोठी केबिन बॅग मिळतच नाही, फक्त सीटखालची वस्तू मिळते. तिकीट काढताना हे आधी वाचा.

युरोपातल्या स्वस्त कंपन्यांमध्ये मात्र उलटं. ईझीजेटच्या मूळ तिकिटात ४५ × ३६ × २० सेंटिमीटरची एकच बॅग, सीटखाली मावणारी. तिथे ट्रॉली घेऊन गेलात तर ती बॅगेच्या आतच असायला हवी, नाही तर गेटवर पैसे भरायची तयारी ठेवा. एकाच दौऱ्यात तीन कंपन्यांची विमानं असतील तर सर्वांत कडक कंपनीचं माप धरून बॅग भरा.

प्रश्न : सुरक्षा तपासणीत ट्रॉली अडवतात का? माझ्या ट्रॉलीला लोखंडी आकड्यांच्या दोऱ्या आहेत आणि चाकं घट्ट करायचा पाना मी खिशात ठेवतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ट्रॉली मिटवून, दोऱ्या सोडवून वेगळी पट्ट्यावर ठेवा. धातूच्या पोकळ नळ्या एक्स-रेच्या पडद्यावर ठळक दिसतात, आणि त्याखाली बॅग असली तर बॅगेतलं काही दिसत नाही. मग ती पुन्हा फिरवतात, उघडायला लावतात आणि मागची रांग तुमच्याकडे रोखून बघते. वेगळी ठेवली की हा प्रसंग टळतो.

पाना चेक-इनच्या बॅगेत टाका. अमेरिकेत सात इंचांपर्यंतची हत्यारं केबिनमध्ये चालतात, पण भारतात पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तपासणीला जाण्यात शहाणपण नाही. आकडेवाल्या दोऱ्यांऐवजी प्लॅस्टिकच्या बकलाचा पट्टा लावा. तो बॅगेला धरूनही बसतो आणि सुटून डोळ्याला लागायची भीती नाही. एवढं करूनही तपासणी अधिकाऱ्याने "नको" म्हटलं तर त्याचा शब्द शेवटचा. तेव्हा हुज्जत घालण्याऐवजी ट्रॉली चेक-इनला पाठवण्याइतका वेळ हाताशी ठेवून निघा.

प्रश्न : वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. तो दुकानातून चाकांच्या छोट्या गाडीसकटच आला आहे. ही गाडीसुद्धा केबिन बॅग धरतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. हेच ते तिसरं खातं. प्रवाशाला आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे लागणारं साधन नेहमीच्या सामानात मोजत नाहीत. अमेरिकेत याचा कायदेशीर नियम आहे : अशी साधनं केबिन सामानाच्या संख्येत धरायची नाहीत. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार अपंग प्रवाशाला चालण्या-फिरण्यासाठी लागणारी दोन साधनं मोफत नेता येतात. भारतातही कुबड्या, काठी आणि घडीची व्हीलचेअर यांना सूट आहे.

पण ही सूट आपोआप मिळत नाही. प्रवासाआधी कंपनीला कळवा, डॉक्टरांचं पत्र घ्या, आणि यंत्र विमानात वापरायला कंपनीची मान्यता आहे का ते पाहा. सगळ्यात महत्त्वाच्या बॅटऱ्या. अमेरिकी नियमानुसार कंपनी प्रवासाच्या कमाल वेळेच्या दीडपट चालतील एवढ्या बॅटऱ्या मागू शकते. म्हणजे सोळा तासांच्या प्रवासाला चोवीस तासांच्या. या बॅटऱ्या केबिनमध्येच, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, टोकं झाकून न्यायच्या.

एक सावधगिरी. ही सूट साधनाला आहे. त्याच गाडीवर लोणच्याच्या बरण्या आणि साड्यांची पिशवी रचलीत तर कर्मचारी तिला सामानाची गाडीच म्हणणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

प्रश्न : मी तबला वाजवतो. तबला आणि डग्गा यांच्या दोन बॅगा घडीच्या ट्रॉलीवर ठेवून नेतो. रेल्वेत कधी अडलं नाही. विमानात?
— एक वाचक, मिरज

उत्तर : विमानात तबला एक नग आणि डग्गा दुसरा, असं धरलं तर ट्रॉली तिसरी होते. तीन नग घेऊन केबिनमध्ये जाणं अवघड. दोन्ही एकाच मऊ, गादीदार बॅगेत बसवता आली तर निदान नग एक होतो, पण माप आणि वजन तरीही पाहावं लागतं. पितळी डग्ग्याचंच वजन सात किलोंतला मोठा भाग खातं.

अमेरिकेत वाद्यांबद्दल २०१५ पासून स्पष्ट नियम लागू आहे : वाद्य कप्प्यात किंवा सीटखाली नीट बसत असेल आणि प्रवासी चढताना तिथे जागा असेल, तर कंपनीने ते केबिनमध्ये घेऊ द्यायचं. "चढताना" हा त्यातला कळीचा शब्द. कप्पा भरला की हक्क संपला. म्हणून लवकर चढायचा गट मिळत असेल तर घ्या. कार्यक्रमासाठी जाताना वाद्य जिवापाड जपायचं असेल, तर बऱ्याच कंपन्या जास्तीची सीट विकत घेऊन त्यावर वाद्य बांधू देतात. त्याची नोंदणी आधी करावी लागते. ट्रॉली कोणत्याही परिस्थितीत चेक-इनला. सीटवर बांधलेल्या वाद्याशेजारी लोखंडी दांडा कुणीच ठेवू देणार नाही.

प्रश्न : बॅटरीवर आपोआप चालणारी, बसून फिरता येणारी ट्रॉली-बॅग मुलाला हवी आहे. नेता येईल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : बॅटरी काढता येत असेल तर विचार करा, नाही तर पैसे वाया. लिथियम बॅटरीचा नियम जगभर साधारण सारखा आहे : १०० वॉट-तासांपर्यंत परवानगीची गरज नाही, १०० ते १६० वॉट-तासांना कंपनीची परवानगी हवी, त्यापुढे प्रवासी सामानात नाही. सुटी बॅटरी फक्त केबिनमध्ये, खालच्या सामानात कधीच नाही. कारण सोपं आहे. केबिनमध्ये धूर निघाला तर कुणाला तरी दिसतो आणि विझवता येतो. खालच्या सामानात तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्टला अँपिअर-तासाने गुणा. ३६ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांची बॅटरी ७२ वॉट-तासांची. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेचे, ३.७ व्होल्ट धरून, ७४ होतात. बॅटरी न निघणाऱ्या 'स्मार्ट' बॅगा अमेरिकन, डेल्टा आणि अलास्का या कंपन्यांनी जानेवारी २०१८ पासून बंद केल्या आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. शिवाय मोटर आणि सांगाडा यांचंच वजन एवढं असतं की सात किलोंत मुलाचे कपडे जेमतेम मावतील.

प्रश्न : माझ्या लहानपणी मोठे लोक कडक सुटकेस घडीच्या ट्रॉलीवर बांधून स्टेशनात ओढत न्यायचे. तेव्हा ती ट्रॉली ऐटीची होती. मग ती गेली कुठे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चाकं बॅगेतच शिरली म्हणून गेली. अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो यांना १९७० मध्ये सुटकेसलाच चाकं लावायची कल्पना सुचली आणि ४ एप्रिल १९७२ रोजी त्यांना पेटंट मिळालं. त्यांची सुटकेस आडव्या चार चाकांवर पट्ट्याने ओढायची होती. वळणावर ती डुलायची, कलंडायची. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं घडीची ट्रॉली टिकून राहिली. विमानातले कर्मचारीही आपली बॅग तिच्यावर बांधूनच फिरायचे.

निकाल लागला १९८७ मध्ये. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लॅथ यांनी बॅग उभी केली, तळाला दोन चाकं आणि पाठीत आत-बाहेर सरकणारा दांडा बसवला. म्हणजे ट्रॉलीचे दोन्ही अवयव बॅगेच्या पोटात घेतले. आधी सहकारी वैमानिक आणि हवाई सुंदरींनी त्या घेतल्या, मग त्यांच्या हातात पाहून प्रवाशांनी मागितल्या. पुढे कप्प्यांचे आकार, गेटवरच्या चौकटी, नियमांतली मापं हे सगळं या बॅगेभोवती जमत गेलं. सुटी ट्रॉली नियमांत कुठे बसत नाही याचं मूळ इथे आहे : नियम ज्या बॅगेला डोळ्यांसमोर ठेवून बसले, तिच्यात चाकं आधीच आहेत.

प्रश्न : एवढं सगळं वाचून वाटतं, ही ट्रॉली घ्यावी तरी कोणी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ज्यांचा खरा त्रास विमानतळाबाहेर सुरू होतो त्यांनी. भारतातल्या विमानतळांवर ट्रॉली फुकट मिळते आणि ती टॅक्सीच्या रांगेपर्यंत नेता येते. पुढे दादरचा पूल, स्वारगेटचा फलाट, किंवा लिफ्ट बंद पडलेली इमारत आली की खांदे बोलू लागतात. अमेरिकेत तर बऱ्याच विमानतळांवर ट्रॉलीसाठी कार्ड घासून पैसे मोजावे लागतात. तिथे स्वतःची ट्रॉली दोन-तीन प्रवासांत पैसे वसूल करते. पुस्तकांची खोकी, नमुन्यांच्या पेट्या, प्रदर्शनाचं सामान नेणाऱ्यांनाही ती सोयीची. सगळ्यांनीच ती चेक-इनमध्ये टाकावी आणि सामानाच्या पट्ट्याजवळ उघडावी. केबिनचा हिशेब मग उरतच नाही.

घ्यायला जाताना टेप आणि भरलेली बॅग दोन्ही बरोबर न्या. ट्रॉली मिटवून मोजा. उघडून बॅग चढवा, पट्टा बांधा आणि दुकानाची पायरी एकदा चढून-उतरून पाहा. चाकं फार लहान असली तर ती पायरीच्या कडेला अडतात आणि बॅग पुढे झुकते. तसं झालं तर पैसे पुन्हा खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.